भांडी घासायला चालणारे हात

पुऱ्या तळल्याचा वास आला की मला नंदनवन वस्तीतल्या आमच्या देवळामागची पत्र्याची शेड आठवते आणि डोकं तापतं. महाप्रसादाचं सामान, माणसं, गॅस, सगळी व्यवस्था माझ्याकडे असायची; कणीक मात्र दरवर्षी शेजारच्या काकू मळायच्या. त्या वर्षी त्यांच्या मुलीने बौद्ध मुलाशी लग्न केलं होतं आणि काकूंनी जावयाला घरी बोलावून जेवू घातलं होतं. महाप्रसादाच्या दिवशी काकू परातीत हात घालणार तोच देवळाच्या समितीचे अध्यक्ष आले आणि त्यांना म्हणाले, "वहिनी, आज कणकेले हात नका लावू. समाजाले उत्तर द्या लागते आम्हाले." मी विचारलं, "मग त्यांनी करायचं काय?" "भांडे घासू द्या ना, त्याले कोण नाही म्हणते?" मी कढईखालचा गॅस बंद केला. "मग पुऱ्याही तुम्हीच लाटा गा, भाऊ!" ओळीने बसलेल्या बायांपैकी एकीचंही लाटणं थांबलं नाही. उलट एक मलाच म्हणाली, "काहून तमाशा करून राहिली वं? बाहेर लोकं भुकेले बसले आहेत." काकू उठल्या आणि निघाल्या, मीही त्यांच्याबरोबर निघाले. आम्ही फाटकापर्यंत पोचतो तोच मागे गॅस पुन्हा पेटला आणि माइकवर आवाज आला, "सर्व भाविकांनी प्रसादाचा लाभ घ्यावा." अजूनही दरवर्षी अध्यक्षांचा फोन येतो, तुमच्याशिवाय व्यवस्था जमत नाही म्हणतात. मी एकच विचारते, काकूंची माफी मागितली का? ते फोन ठेवतात.