विरोधी बाजूचं उदाहरण

आमच्याकडे वादविवाद स्पर्धेचं भाषण मुलं लिहीत नाहीत, शिक्षक लिहितात. मुलांनी ते पाठ करायचं, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा ते शिकायचं. मीही असाच शिकलो. सटाण्याकडच्या आमच्या शाळेत गुरुजींनी लिहून दिलेल्या भाषणांवर मी ढाली आणल्या. पुढे सरकारी वसतिगृह, शिष्यवृत्ती, बीएड असं करत नाशकात मराठीचा शिक्षक झालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळे या पद्धतीत काही चुकीचं असेल असं मला कधी वाटलंच नाही.

ज्या वर्षी आपलं यान चंद्रावर उतरलं, त्या वर्षीच्या हिवाळ्यात आंतरशालेय स्पर्धेचा विषय आला: विकसनशील देशाने अवकाशप्रवासावर सरकारी पैसा खर्च करावा का? प्रत्येक शाळेने दोघांना पाठवायचं, एक बाजूने, एक विरोधात.

माझ्या नववीच्या वर्गात पेठ तालुक्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची मुलगी होती. पंचवटीतल्या मुलींच्या वसतिगृहात राहायची. तिचे आईवडील भाताची कापणी उरकली की दिंडोरीला द्राक्षबागांत कामाला येत. यान उतरलं त्या संध्याकाळी शाळेने हॉलमध्ये पडद्यावर ते दाखवलं, तेव्हा ती अगदी पुढे बसली होती. नंतर माझ्या मागे मागे आली. "सर, त्या साड्या नेसलेल्या बायका तिथं काय काम करत होत्या? त्या कुठं शिकल्या असतील?" मला उत्तर माहीत नव्हतं. विज्ञानाच्या सरांना विचार म्हणालो.

विषय कळल्यावर ती आपणहून स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, मला बाजूने द्या."

"तू विरोधात बोल. तुझ्याकडे जे आहे ते बाकी कुणाकडे नाही."

"काय आहे माझ्याकडे?"

तिच्याकडे काय आहे ते मला ठाऊक होतं, कारण तिनेच ते लिहून दिलं होतं. शाळा सुरू झाली तेव्हा 'न विसरता येणारा दिवस' असा निबंध घातला होता. बाकीच्यांनी सहल लिहिली, वाढदिवस लिहिला. हिने आठ ओळी लिहिल्या. आईला कळा सुरू झाल्या. पाड्यापर्यंत रस्ता नाही. चौघांनी बांबूला चादरीची झोळी बांधून आईला डांबरी सडकेपर्यंत नेलं. तिथे जीपची वाट बघत असतानाच भाऊ जन्मला. तो रडला नाही. मी त्या आठ ओळींखाली लाल शाईने 'छान' असं लिहून सही केली होती.

भाषण मी दोन दिवसांत लिहिलं. सुरुवातीला चंद्राचं कौतुक, मग शाळा, दवाखाने, पिण्याचं पाणी. आणि शेवटी हा परिच्छेद: 'मित्रहो, चंद्रापर्यंतचा रस्ता आम्हाला सापडला, पण माझ्या पाड्यापर्यंतचा सापडला नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही. ती झोळी माझ्या आईची होती.' यापुढे पाच ओळी भावाच्या होत्या. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते, आणि ढाल आपलीच अशी मनात खात्री झाली होती.

तिने कागद वाचला. "हे पण म्हणायचं?"

"हेच तर म्हणायचं."

"आईला विचारू का आधी?"

"आईला ढालच दाखव."

स्टाफरूममध्ये गणिताच्या मॅडम म्हणाल्या, "सर, त्यांचा रस्ता झाला नाही तो काही चंद्रामुळे नाही. चंद्रावर गेलो नसतो तर झाला असता का?"

मी म्हणालो, "नसता झाला. पण विरोधी बाजू मांडायची तर काहीतरी मांडावं लागेल ना."

"मग तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं? यान उतरलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. दिंडोरीचे बागायतदार मोबाइलवर पावसाचा अंदाज बघून फवारणी ठरवतात, तो अंदाज वरच्या उपग्रहाच्या जिवावर असतो, हे मला माहीत होतं. पण उपग्रह वेगळा आणि माणूस वर पाठवणं वेगळं, हेही कळत होतं. आणि एक गोष्ट आतून टोचत होती. मी शिकलो तो सरकारी पैशावरच. त्या वेळी कोणी म्हणालं असतं, आधी गावाला पाणी द्या, माझ्यासारख्या सायकलवाल्याच्या पोराला शिकवण्याची चैन नंतर करा, तर त्याचंही चूक नसतं. गावाला पाणी खरंच नव्हतं. मॅडमना "बघू," म्हणालो.

मग मी आणखी एक गोष्ट केली. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तिच्या आईला फोन लावला आणि मुलीचं भाषण ऐकायला यायचं निमंत्रण दिलं. माझ्या पहिल्या ढालीला माझे वडील सायकलचं दुकान बंद करून आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. मुलीच्या आईलाही तसा दिवस मिळावा असं मनापासून वाटलं. भाषणात काय आहे ते फोनवर सांगावं असं सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं. समोर ऐकेल तेव्हा तिलाही अभिमान वाटेल, अशी मी मनाची समजूत घातली.

ती रविवारी बागेतून खाडा करून आली. द्राक्षाच्या घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायचं, विरळणीचं काम चालू होतं. उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. पुढे बसा म्हटलं तर म्हणाली, "नको सर, आमी इथं बरं," आणि शेवटच्या रांगेत भिंतीकडेला बसली. मुलीला मी ही बातमी दिली नव्हती. तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

तिचं नाव पुकारलं. पहिली तीन मिनिटं ती अशी बोलली की परीक्षकांनी लिहायचं थांबवलं. मग शेवटचा परिच्छेद आला. शिकवल्याप्रमाणे तिने नजर उचलून मागच्या रांगेकडे नेली, आणि तिला आई दिसली.

"मित्रहो," ती म्हणाली, आणि थांबली. मी पहिल्या रांगेतून ओठ हलवून पुढचे शब्द देत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. ती विसरली नव्हती, हे मला त्या नजरेत स्पष्ट दिसलं.

"माझ्याकडे एक उदाहरण आहे," ती म्हणाली. "ते मी देणार नाही. आमच्या पाड्याला रस्ता पाहिजे, एवढंच." आणि खाली उतरली. वेळ संपायला दीड मिनिट बाकी होतं.

नंबर आला नाही. एका परीक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलगी चांगली आहे हो, पण शेवट नीट पाठ करून घ्या."

बाहेर पायऱ्यांवर आई उभी होती. तिने मुलीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "सर, मी आली म्हनून इसरली का ती?"

"नाही, नाही. होतं असं."

"लय चांगलं बोलत व्हती. मग काय व्हतं पुढं? तुमच्याकडं कागद हाय ना?"

कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता, तिला दिसतही होता. "वाचून दाखवा की," ती म्हणाली. "एवढं लांबून आले, मला पुरं ऐकू द्या."

मी कागद काढला, उलगडला, आणि पुन्हा त्याची घडी घालू लागलो. तेव्हा मुलीने तो माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांसमोर धरून वाचू लागली.

"चंद्रावर यान उतरलं तेव्हा तिथं साड्या नेसलेल्या बायका काम करत होत्या. त्या कुणाच्या तरी मुली आहेत. त्यांना कुणीतरी शिकवलं. त्यांनी वरून खाली बघितलं तर त्यांना आमचा पाडा पण दिसेल, आणि तिथं रस्ता नाही तेपण दिसेल."

यातला एकही शब्द त्या कागदावर नव्हता.

आई ऐकत राहिली. "चांगलं हाय की," ती म्हणाली. "हे बोलायला काय झालं व्हतं तुला?" मुलगी हसली. "भ्याले." मग आई मला म्हणाली, "सर, तो कागद मला द्या. तिच्या बापाला वाचून दावायला सांगते कुनाला तरी."

मुलीची मूठ कागदावर घट्ट झाली. मी म्हणालो, "हा खाडाखोडीचा आहे. स्वच्छ लिहून पाठवतो." आई तेवढ्यावर तयार झाली आणि रिक्षात बसून बसस्टँडकडे गेली.

माझ्या त्या ढालीच्या भाषणात गुरुजींनी माझे वडील घातले होते. पंक्चर काढून काळे झालेले त्यांचे हात, फाटका सदरा, सगळं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतताना मी वडिलांना विचारलं, कसं झालं? ते म्हणाले, "माले काही समजनं नही, पण भारी शे." मी ते इतकी वर्षं कौतुकाने सांगत आलो. माझं भाषण साध्या मराठीत होतं. आमचे वडील रोज पेपर वाचायचे.

दुसऱ्या दिवशी मी मुलीकडे माझा कागद परत मागितला नाही. कोरे कागद दिले. "आईसाठी तूच लिही. तुला जे वाटेल ते. बाजूने, विरोधात, कसंही."

"तुम्ही तपासणार?"

"नाही."

तिला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने पाकीट आणून दिलं. डिंकाने नीट चिकटवलेलं होतं, वर दिंडोरीच्या बागेचा पत्ता. त्यात चंद्र होता, झोळी होती, की दोन्ही, मला माहीत नाही. मी ते पोस्टात टाकलं.