शांतता, फीत चालू

आमच्या रेडिओ केंद्रात त्यांना सगळे शांतताकाका म्हणत. एकतीस वर्षं ते ध्वनिमुद्रक होते. कुणी गायला बसलं की काचेपलीकडून घसा साफ करून म्हणायचे, "शांतता. फीत चालू." मग तारीख, कलाकाराचं नाव, आणि बोट वर. बोट खाली आलं की गाणं सुरू. ते वर असेपर्यंत कुणी नाकसुद्धा खाजवत नसे, असं जुने लोक सांगतात.

मी नोकरीला लागलो तेव्हा ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. माझ्या वाट्याला त्यांच्याच फिती आल्या. तळघरात चार हजार, बुरशी धरलेल्या. एकेक मशीनवर चढवायची, संगणकात उतरवायची, मूळ फीत भंगारात. साहेब म्हणाले होते, "सुरुवातीचा कचरा काढत जा." त्यांना खरखर म्हणायचं होतं. मी कचऱ्यात शांतताकाकांनाही धरलं. शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला सरळ कागद कापण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. तो गुण शेवटी इथे कामी आला. दोन वर्षांत मी काकांना चार हजार वेळा कापलं. साहेबांनी बैठकीत माझी पाठ थोपटली आणि मी ती नीट वळून थोपटून घेतली.

एका सोमवारी सकाळी काका आले. म्हणजे काकू त्यांना घेऊन आल्या. काकांच्या गळ्याला रुमाल, खिशात वही आणि पेन्सिल. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेलं होतं.

"इतकी वर्षं सगळं बोलणं इथे संपवून यायचे," काकू म्हणाल्या. "घरी नुसतं 'हं'. आता तेही गेलं. म्हटलं, इथलं तरी ऐकावं. लाव रे एखादं, कुठलंही. गाणं नको मला, त्याच्या आधीचं हवं."

काका लाजून जमिनीकडे बघत होते.

"मशीन बंद आहे, काकू," मी म्हणालो. "पुढच्या सोमवारी या ना."

माझ्या पाठीमागे मशीनचा हिरवा दिवा चालू होता. काकांनी दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वहीला हात लावला नाही.

आठवडाभर मी फायली उघडत बसलो. कुठे तरी मी झोपेत असेन, कंटाळलो असेन, एखादं 'शांतता' राहून गेलं असेल. जन्मात पहिल्यांदा मी स्वतःचा हलगर्जीपणा शोधत होतो आणि तो सापडत नव्हता. एका गाण्याआधी नुसता श्वास मिळाला. तो कुणाचाही असू शकत होता.

सोमवारी मी त्यांना खुर्च्या दिल्या आणि उभाच राहिलो.

"काकू, मशीन बंद नव्हतं. काकांचं बोलणं मीच कापलं."

"कशातलं?"

"सगळ्यातलं."

काकूंनी काकांच्या गळ्याचा रुमाल सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, "एखादं विसरायचास ना रे."

काकांनी मशीनकडे बोट दाखवलं, लाव म्हणून. मी संगणकावरून लावलं. गाणं थेट पहिल्या सुरावर उघडलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं, हातानं परत मागे न्यायला सांगितलं. असं तीनदा. मग वहीत काही तरी लिहून ती काकूंना दिली.

"चष्मा घरी राहिला," काकूंनी वही माझ्यापुढे धरली. "वाच."

लिहिलं होतं: 'छान कापलंय. सांधा कळत नाही.'

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण काका माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी तोंड उघडलं, आवाज फुटेना. बाहेर पॅसेजमध्ये कुणी तरी हसत होतं.

काकांनी बोट वर केलं. खोली गप्प झाली. मी घसा साफ केला. त्यांनी बोट खाली आणलं, आणि मी वाचलं.