घराण्याला न शोभणारं औषध

माझी मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली आणि काचेच्या पेटीत गेली. पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळ एक छोटी रक्तवाहिनी उघडी असते, जन्मल्यावर ती आपोआप मिटते. हिची मिटेना. आमच्या खाडीच्या बांधाला पाणी बाहेर सोडायची उघाडी असते, तिचं दार भरतीला आपसूक लागतं. नाही लागलं तर खारं पाणी भातात शिरतं. हिच्या फुप्फुसात तसं नको तेवढं रक्त शिरत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी पॅरासिटामॉल देऊन बघू. त्यानं वाहिनी मिटू शकते. फक्त तिला कुठं हलवू नका."

मला कळलं. माझ्या मोठ्या दिरांना कळलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीवर बोलण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. मिठागराची जमीन विकून ट्रक घेतल्यापासून स्वस्त वस्तूचा त्यांना अपमान वाटतो.

"ताप न्हाय पोरीला, आन् तापाचं औषध देतायत," ते दारातच कडाडले. "आपल्या घरातली पोर हाय ती. लोक काय म्हनतील?"

हे लोक कोण, ते मला आजवर भेटलेले नाहीत. दिरांना ऑपरेशन हवं होतं, तेही मुंबईला. मांडव्याहून खासगी बोट त्यांनी ठरवूनही टाकली होती. वाटेत श्वास थांबला तर काय, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दीर म्हणाले, "बोटीत एसी हाय."

माझा नवरा कारखान्यात बॉयलर सांभाळतो. भावापुढे मात्र त्याची वाचा बसते. मी विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" तो मोबाईलची काच पुसत म्हणाला, "दादा बघतोय ना."

मग मीच उठले. सिझरचे टाके अजून ओले होते. पेटीच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाले, "भावजी, पोरीला हात लावलात तर पोलीस बोलावीन." सुनेची जीभ लांब हाय, असं म्हणत ते गेले. औषध लागू पडलं नसतं, तर सगळ्यांनी माझ्याच डोक्यावर खापर फोडलं असतं आणि मीही ते मान्य केलं असतं.

वाहिनी मिटली. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसं सांगितलं, तेव्हा मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून पोटभर रडले.

बारशाला दीर पाहुण्यांना सांगत होते, "बाहेरून इंजेक्शन मागवलं. आपन मागं हटलो न्हाय." बोलून बोलून त्यांचं डोकं दुखायला लागलं. त्यांनी गोळी मागितली. घरात पॅरासिटामॉल होती, ती मी काढून दिली.

नवऱ्यानं ती माझ्या हातातून घेतली आणि पाण्याचा ग्लास घेऊन भावाकडे लगबगीनं गेला. इतक्या लगबगीनं तो पोरीच्या पेटीकडे एकदाही गेला नव्हता. दिरांचं मला हसू येतं. नवऱ्याचं येत नाही.