मुलाची चौकशी

आमच्यात मुलगी द्यायची म्हटलं की आधी मामाला चौकशीला पाठवतात. माझ्या भाचीच्या वेळी ते काम माझ्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगतो, मला ते आवडतं. घरात मला संशयी म्हणतात. म्हणू देत. देवळात जाताना मी एक चप्पल इकडं सोडतो, एक तिकडं. आजवर चोरीला गेलेली नाही.

मुलगा उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये, म्हणजे लोखंडाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, ऑपरेटर. शहापुरात स्वतःचं घर, दिसायला बरा, बोलायला गोड. कारखान्याच्या फाटकाजवळ फळ्यावर त्याचा फोटो लावलेला, सगळ्यात जास्त माल काढणारा म्हणून. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, त्या फोटोवरच भुलली होती. "आता आनि काय बघायचं रं?" म्हणाली. दाजी तर लग्नाचा हॉल बघायला निघालेले.

मी कंग्राळीहून मोटरसायकल काढली आणि फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसलो. वॉचमनला विचारलं. "केलसा भाळ चलो री," तो कानडीत म्हणाला, म्हणजे काम लई चांगलं. मी म्हटलं, ते झालं, पण माणूस कसा हाय? "कामाला एक नंबर, अण्णा." चहावाला म्हणाला, "कामाला वाघ हाय, वाघ!" आणखी दोघांना विचारलं. काम, काम आणि काम. माणूस म्हटलं की जो तो आपल्या चहात बघायचा. अहो, मुलगी काय मशीनला द्यायची होती? माझ्या मनात पाल चुकचुकली.

ते गप्प का बसतात हेही मला ठाऊक होतं. ठरत आलेलं लग्न मोडणं म्हणजे आमच्याकडं महापाप. चांगलं असेल तर तोंड भरून सांगतात, वाईट असेल तर विषय बदलतात.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलायच्या वेळेला पुन्हा गेलो. मुलाच्या नंतर त्याच मशीनवर उभा राहणारा एकजण चहा पीत होता. त्यानंही तीच टेप लावली. मग मी सरळच विचारलं, "तुझी भन असती तर त्येला दिली असतीस?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "न्हाय," म्हणाला. मग हळूहळू सांगू लागला. मशीनमध्ये लोखंड कापायचं टूल असतं, त्याची धार झिजते. हा गडी आपल्या शिफ्टभर नव्या टूलवर माल काढतो, आणि जाताना ते काढून खिशात टाकतो, झिजलेलं जुनं बसवून ठेवतो. मागून येणाऱ्याचा माल बाद. "साहेब म्हनत्यात, त्येला जमतंय, तुला का जमत न्हाय? माझ्या आधी एकजन होता, त्येला असाच घरी बसवला. माझं नाव काढू नगा आप्पा, पाया पडतो."

खोटं कशाला बोलू, मला त्याचाही संशय आला. एकाचा फोटो लागला की दुसऱ्याच्या पोटात दुखतंच. म्हणून शहापुरात घरी जाऊन मुलालाच गाठलं. होणारा मामेसासरा म्हणून त्यानं मला खुर्ची पुसून दिली. मी भोळा चेहरा करून म्हणालो, "पाव्हणं, फळ्यावर नेहमी तुमचाच फोटो. दुसऱ्या शिफ्टवाल्यांचा कधी का लागत न्हाय?"

तो खुदकन हसला. "मामा, चांगलं टूल मशीनवर कोण सोडून जातंय व्हय? आपल्या खिशात असलेलं बरं. त्यांचं ते बघून घेतील." लाजला नाही, चाचरला नाही. हुशारी म्हणून सांगत होता! चोर निदान लपवतो तरी. मला त्या पोराची भीतीच वाटली.

घरी येऊन सगळं सांगितलं. आक्का आधी रडवेली झाली, मग माझ्यावरच उखडली. "तुला मेल्या सगळ्यातच खोट दिसती! पुढं जायचं तर एवढं करावंच लागतंय." दाजी म्हणाले, "कारखान्यातलं कारखान्यात. घरात येऊन तो काय टूल बदलनार हाय?" मलाही धसकाच बसला. याआधीची स्थळं हातची गेलेली. माझ्या संशयापायी पोरीचं वाटोळं होतंय का काय?

भाची आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होती. शाळेत शिकवते, पण घरात फार बोलत नाही. पुढं आली आणि बापाला म्हणाली, "पप्पा, कारखान्यात त्याच्या मागनं दुसरं कोणतरी येतंय. घरात त्याच्या मागनं येणारी मीच की."

आक्कानं पदर तोंडाला लावला. दाजी उठले. मग त्यांनी मध्यस्थाला फोन लावला आणि पत्रिका जुळत नाही म्हणून सांगून टाकलं.