अप्पांचं शेवटचं तेल

रंधा मारला की छिलपे पडतात. ते संध्याकाळी झाडून चुलीला देता येतात. दुकानातल्या गोष्टी मात्र कुणी झाडत नाही. त्या साठत जातात. आमचे युसुफभाई त्या जवळा बाजार गावच्या चहाच्या टपरीवर सांगतात आणि प्रत्येक वेळी थोड्या वाढवतात. म्हणून आता मीच सांगतो. मी वाढवत नाही.

मी सुतार. शाळेत फार गेलो नाही. युसुफभाई माझ्याकडे घासकाम आणि तेलकाम करतात. आमच्या दुकानातून बाहेर जाणारं लाकूड जवसाचं तेल पिऊनच जातं. डब्यातलं चकचकीत पॉलिश मी लावत नाही. हे जवसाचं तेल विश्वनाथअप्पा त्यांच्या लाकडी घाण्यावर गाळतात. घरोघरी पाकिटातलं तेल आलं. आता आमच्याशिवाय त्यांच्याकडे जवस गाळायला सांगणारं कुणी उरलं नाही. त्यांचा घाणा थांबला की आमचं तेलकामही थांबलं.

अप्पा डबा खाली ठेवतात आणि दर खेपेला एकच बोलतात, "हे शेवटचं तेल, मिस्त्री. घाणा बंद करून राहिलो आता."

कित्येक वर्षं ऐकतोय. एकदा युसुफभाईंनी विचारलं, "अप्पा, अगला आखरी तेल कब लाओगे?"

अप्पा म्हणाले, "बाजाराच्या दिवशी!"

*

साखरा गावातल्या एका लग्नासाठी सागवानी पाट केला होता. तेलाचा हात नुकताच दिलेला. जवसाचं तेल सावकाश वाळतं. त्याला घाई चालत नाही. पण नवरदेवाचा मामा टेम्पो घेऊनच दारात.

मी म्हणालो, "पाट ओला आहे. चिकटेल. लग्न झाल्यावर न्या."

"लग्न झाल्यावर पाट काय पापड वाळू घालायला न्यायचा काय?"

"मग वर घोंगडी टाकून बसवा."

पाट नेला. पण तो असा देखणा दिसत होता की घोंगडी टाकायची कुणाला इच्छाच झाली नाही. नवरदेव तसाच बसला. विधी लांबले. भटजी म्हणाले, उठा. नवरदेव उठला. धोतर उठलं नाही!

आत चड्डी होती म्हणून निभावलं. नवरीची मावशी मांडवभर ऐकू जाईल अशी बोलली, "नवरदेव उठले बाई, धोतर जेवल्याबिगर उठत न्हाई वाटतं!"

चार दिवसांनी मामा परत दुकानात. मला वाटलं, भांडायला आला. मी रंधा खाली ठेवला. मामा म्हणाला, "धाकट्यासाठी असाच पाट पायजे. आत्ताच करायला घ्या."

"लग्न कधी आहे?"

"पोरगी पाहायची हाय अजून!"

*

अप्पांच्या घाण्याची मोटर एकदा जळाली. दुरुस्तीला गेली. इकडे एक कपाट तेलाला थांबलेलं. मग वारंगा फाट्यावरच्या एका दुकानातून तयार तेलाचा डबा आणला. वर जवसाच्या फुलाचं चित्र.

कपाटाला लावलं. आठवडा गेला, वाळेना. पंधरवडा गेला, वाळेना. बोट लावलं की बोट परत मागावं लागे. माश्या बसत आणि तिथेच मुक्काम करत. युसुफभाई म्हणाले, "मिस्त्री, इसको कपाट मत बोलो. मच्छरदानी से अच्छा काम कर रहा है!"

शेवटी अप्पांना बोलावलं. त्यांनी डबा हुंगला. थेंब बोटांत चोळला. जिभेला लावला आणि थुंकले.

"काय आहे अप्पा यात?"

"जवस सोडून समदं हाय!"

कपाट सगळं खरवडलं. अप्पांची मोटर आल्यावर त्यांच्या तेलात पुन्हा केलं. अप्पा समोर बसून होते. काम संपल्यावर उठले आणि म्हणाले, "हे शेवटचं बरं का."

*

एका दुपारी दुकानाच्या कोपऱ्यातून धूर निघाला. बघतो तर तेल पुसायच्या चिंध्यांचा ढीग आतून पेटत होता. पाणी ओतलं. आमच्या घरच्या, सरूबाई, कमरेला पदर खोचून आल्या आणि सरळ युसुफभाईंवर.

"भाई, बिडी काहून वढली लाकडाच्या दुकानात?"

"भाभी, कसम से! बिडी छोडके जमाना हुआ."

"मग काय चिंध्यांनी वढली?"

अप्पा तेव्हा डबा घेऊन आले होते. ते म्हणाले, "व्हय. चिंध्यांनीच वढली. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या की आपसूक तापतात. सुट्या वाळू घालाव्या."

युसुफभाई हात जोडून म्हणाले, "भाभी, मैंने छोडी तो चिंधी ने पकड ली!"

तेव्हापासून चिंध्या रस्त्याकडेच्या बोरीवर एकेक सुट्या टाकतो. पिवळ्या, तपकिरी, वाऱ्यावर हलणाऱ्या.

*

महिनाभराने बोरीखाली नारळ दिसला. मग हळदकुंकू. मग एक चिंधी, जी आमची नव्हती.

तांड्यावरची एक बाई हात जोडून उभी होती. पोराला पोरगी मिळत नव्हती, म्हणून तिने चिंधी बांधून नवस बोलला होता. मी सांगायला पुढे झालो, तर सरूबाईंनी मागून बंडी ओढली. पोराचं जमलं, तशी ती बाई गुळाची ढेप घेऊन आली. युसुफभाईंनी ती देवाच्या वतीने ठेवून घेतली.

हे मला पटेना. मी पाटी रंगवून घेतली आणि बोरीला ठोकली. "तेलाच्या चिंध्या. हात लावू नये."

दुसऱ्या दिवशी नारळ वाढले! एक म्हातारी दुसरीला सांगत होती, "लई कडक देव हाय. हात बी लावू देत न्हाई!"

पाटी काढली. नारळाची चटणी अजून चालू आहे.

*

नांदेडहून एक ताई गाडी घेऊन आल्या. पोळपाट-लाटणं हवं होतं. चौकशी भरपूर. "काका, हे नॅचरल आहे ना? पोटात गेलं तर चालेल ना?"

मी म्हणालो, "चालेल."

"पण नक्की?"

मी एक गोष्ट दोनदा बोलत नाही. युसुफभाई उठले. डब्यातलं फडकं सोडून भाकरी घेतली, वाटीत अप्पांचं तेल ओतलं, वर मीठ-तिखट टाकलं आणि बुडवून खायला बसले. ताईंनी फोटो काढला. "कसं लागतं?"

युसुफभाई चावत म्हणाले, "आदत हो गयी तो दरवाजा भी खा लूंगा!"

ताईंनी पोळपाट नेला आणि खायला एक बाटली तेलही मागितलं. मी अप्पांना निरोप दिला की तुमच्या तेलाला शहरातून मागणी आली. अप्पांनी बाटली भरून पाठवली. सोबत निरोप होता, "शेवटची म्हणून सांगा त्यास्नी."

*

मागच्या थंडीत अप्पा आले. डबा ठेवला. पाणी प्याले. बोरीकडे बघत थोडा वेळ बसले आणि उठून गेले.

काहीच बोलले नाहीत.

युसुफभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी रंधा मारत होतो, तो थांबला. सरूबाई दारात आल्या. म्हणाल्या, "अवो, आज अप्पा शेवटचं म्हणले न्हाईत."

युसुफभाई घाण्यावर जाऊन बघून आले. घाण्याची लाट, म्हणजे उखळात फिरून जवस दाबणारा मोठा लाकडी दांडा, उभी चिरली होती. अप्पांनी मोटरचा पट्टा उतरवून ठेवला होता. त्यांची पोरं म्हणत होती, उखळ विकून टाका, हॉटेलवाले शोभेला नेतात.

माझ्याकडे बाभळीचं एक खोड होतं. पुष्कळ वर्षं सावलीत वाळवलेलं, गाठ नाही, किडा नाही. माझ्या कामाच्या नव्या बैठकीसाठी ठेवलेलं. ते काढलं. युसुफभाईंना म्हणालो, "धरा."

"बैठक, मिस्त्री?"

"धरा म्हटलं."

चिरलेल्या लाटेचं माप अप्पा देवळात गेले असताना आणलं. बाभूळ हट्टी लाकूड. पटाशी दोनदा मोडली. लाट पुरी झाली तशी युसुफभाई सवयीने तेलाची वाटी आणि फडकं घेऊन बसले. मी वाटी बाजूला सारली.

"मिस्त्री, सूखा भेजेंगे? अपने दुकान से?"

"हो."

त्या दिवशी बोरीवर एक नवी चिंधी दिसली. तिला तेल लागलेलं नव्हतं. सरूबाईंच्या जुन्या लुगड्याचा काठ होता.

लाट बैलगाडीत घालून अप्पांच्या दारात नेली. अप्पा बाहेर आले. लाटेवरून वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला. तळव्याकडे बघितलं.

"मिस्त्री, तुमच्या दुकानातलं लाकूड, अन् कोरडं?"

"तेल तुमच्याकडं असतंय."

अप्पांनी आत वळून थोरल्या पोराला हाक मारली, "जवसाचं पोतं काढ रे. अन् पट्टा आण."

लाट बसवली. मोटर सुरू झाली. बाभूळ थोडी कुरकुरली, मग फिरू लागली. कोरडं लाकूड तेल पीत खालून वर काळं होत गेलं. अप्पांनी पहिली धार ओंजळीत घेतली आणि फिरत्या लाटेवर लावली. नंतर आमचा डबा भरला, झाकण ठोकून घट्ट केलं आणि माझ्यासमोर ठेवला.

"घ्या, मिस्त्री. हे शेवटचं तेल."