भाड्याच्या सर्व्हरवरचं नेटवर्क

मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी पुन्हा नोकरी शोधायला घेतली. लग्नानंतरही काही वर्षं मी नेटवर्क इंजिनिअर होते, हे घरात फारसं कुणाला आठवत नव्हतं. वायफाय बंद पडलं की मला हाक यायची, एवढाच काय तो मान शिल्लक होता. मुलाखतीत विचारायचे, मधल्या काळात काय केलंत? मूल वाढवलं म्हटलं की समोरचा समजूतदारपणे हसायचा आणि पुढच्या उमेदवाराला बोलवायचा.

म्हणून ठरवलं, आपला हात अजून चालतो हे दाखवायला सरावाच्या नेटवर्कची एक लॅब उभी करायची. खरे राउटर आणून पिंपळे गुरवच्या आमच्या दोन खोल्यांत ठेवणार कुठे? त्यापेक्षा क्लाउडवर एक सर्व्हर भाड्यानं घ्यायचा आणि त्यात सॉफ्टवेअरचे राउटर चालवायचे. ते वागतात खऱ्यासारखेच, फक्त हाताला लागत नाहीत. नवरा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. त्याला हे सगळं समजावून सांगितलं. "चांगलं आहे," तो म्हणाला आणि मोबाइलवर क्रिकेट बघायला लागला. आमच्याकडे प्रोत्साहन असंच देतात.

सासऱ्यांनी मात्र रस घेतला. घराणं गावातलं जुनं. शेत होतं तिथं आता भाड्याच्या खोल्यांची इमारत आहे आणि आबा तिचे मालक. भाडं हा शब्द कानावर पडताच ते खुर्ची ओढून बसले.

"म्हंजी कम्प्युटर त्यांचा, आन् भाडेकरू आपण?"

"हो, आबा."

"कुठं हाय तो?"

"मुंबईकडे कुठेतरी. नक्की जागा सांगत नाहीत."

"आन् तू न बघताच घेतला?"

खोली दाखवताना ओल आलेल्या भिंतीपुढे कपाट सरकवून ठेवणारा माणूस मला हे विचारत होता.

सर्व्हर चालू झाला, लॅबचं सॉफ्टवेअर बसलं, पण एकही राउटर उठेना. कितीतरी दुपारी त्यात गेल्या. शेवटी कळलं, मी घेतलेल्या सर्व्हरच्या आत आणखी आभासी यंत्रं, म्हणजे माझे राउटर, चालवायला परवानगीच नव्हती. क्लाउडवाल्यांनी हे लपवलं नव्हतं, फक्त कुणी जाऊन वाचणार नाही अशा जागी लिहिलं होतं. आबांना सांगितलं.

"बरोबर हाय त्यांचं," ते म्हणाले. "पोटभाडेकरू ठिवायचा न्हाई. मी बी ठिवू देत न्हाई."

ते घरमालकाच्या बाजूनं झाले होते.

मी दुसऱ्या प्रकारचा सर्व्हर घेतला आणि राउटर उठले. त्यांना पिंपरी, वाकड, चाकण अशी नावं दिली. वाकडहून निघालेला संदेश पापणी लवायच्या आत चाकणला पोचला. रोज त्याच रस्त्यानं बसमध्ये लटकून येणारा नवरा पडद्याकडे बघत म्हणाला, "हे काही खरं वाटत नाही."

क्लाउडवर दार उघडं राहिलं की जगभरातले लोक येऊन ढकलून बघतात. म्हणून मी नियम लावला, फक्त आमच्या घरच्या इंटरनेटच्या पत्त्यालाच आत सोडायचं. स्वतःच्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं.

मग चाकणमधल्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीची मुलाखत आली. व्हिडिओ कॉलवर त्यांचे साहेब होते. मी लॅबबद्दल सांगितलं.

"दाखवा की," ते म्हणाले.

मी जोडणी केली. पडद्यावर काहीच येईना. पुन्हा केली, तरी नाही. साहेबांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. आणि मग आठवलं, सकाळी लाइट जाऊन आली होती. घरचं वायफाय बंद होऊन चालू झालं होतं, म्हणजे आमच्या इंटरनेटचा पत्ता बदलला होता. माझ्याच नियमानं मला बाहेर उभं केलं होतं.

"सर, लॅब चालू आहे. बाहेर अडकलेय मी," मी म्हणाले.

मागून आबांचा आवाज आला, "कुलूप बदललं का गं त्यांनी?"

"नाही, आबा. आपला पत्ता बदललाय."

हे सगळं साहेबांना ऐकू गेलं. मी क्लाउडच्या पानावर जाऊन त्या नियमात नवा पत्ता भरला आणि आत शिरले. साहेबांनी पिंपरी आणि चाकणमधला दुवा तोडायला सांगितला. तोडला. संदेश वाकडवरून वळून पोचला.

"काही बिघडलं की घाबरता का?" त्यांनी विचारलं.

"घाबरते, सर. पण आधी काय बदललंय ते बघते."

नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी मी विचारलं, इथली लॅब कुठे आहे? साहेब शांतपणे म्हणाले, "लॅब कशाला, मॅडम? आपण थेट चालू नेटवर्कवरच करून बघतो. चुकलं तर उत्पादनाची लाइन थांबते, मग कळतंच."

लवकरच नेटवर्कचा एक स्विच बदलताना लाइन थांबली आणि सगळ्यांना कळलं. त्यानंतर कंपनीच्या नावानं क्लाउडवर लॅब मंजूर झाली. मंजुरीच्या मेलमध्ये ही दूरदृष्टी साहेबांची असल्याचं लिहिलं होतं. मी "धन्यवाद, सर" असं उत्तर पाठवलं आणि सर्व्हर निवडायला बसले. या वेळी बारीक अक्षरातलं आधी वाचलं.