भोजनदानासाठी उघडलेलं खातं

लेकीच्या बाळंतपणासाठी मी कॅनडाला गेले ती व्हिजिटर व्हिसावर. म्हणजे कागदोपत्री मी पर्यटक. सहा महिने राहायचं, फिरायचं आणि परत यायचं, एवढीच परवानगी. प्रत्यक्षात माझं पर्यटन बाळाच्या पाळण्यापासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत होतं, पण त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. जाण्याआधी कॅम्प तीनच्या बाजारात जाऊन मनी चेंजरकडून थोडे डॉलर घेतले होते. लेक फोनवर म्हणाली होती, "आई, कशाला? इथे आम्ही आहोत ना." तरी घेतले. मी अंबरनाथला कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करून रिटायर झालेली बाई. पर्समध्ये स्वतःचे पैसे नसतील तर मला घराबाहेर पडल्यासारखं वाटत नाही.

जावई मूळचे अंबरनाथ पूर्वेचे. स्वभावाने शांत, घरातली सगळी कामं करणारे. त्यांच्याबद्दल वाईट बोलावं असं काहीच नाही. पण दुकानात मी पर्स उघडेपर्यंत त्यांनी मशीनला कार्ड टेकवलेलं असायचं. "आई, ठेवा ते आत," एवढंच म्हणायचे. दूध, बाळाचे कपडे, माझी गुडघ्याची पट्टी, सगळं तसंच. महिनाभरात मी पर्स नेणंच सोडून दिलं.

तिथे आसपास राहणारी आपली पंधरा-वीस बौद्ध कुटुंबं होती. श्रीलंकेच्या लोकांचा एक विहार होता, तिथे ती सगळी जमायची. भिक्खू एकाच जागी राहतात तो तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला तसं ठरलं की, दर रविवारी एकेका कुटुंबाने भंतेंना भोजनदान द्यायचं. माझ्या मिस्टरांना जाऊन काही वर्षं झाली होती. त्यांच्या पुण्यस्मरणाच्या दिवसाजवळचा रविवार मी मागून घेतला. व्यवस्था बघणारी बाई नागपूरकडची, इंजिनियर. स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा, शिवाय विहाराला दान द्यायचं. त्या दानाच्या नोटा मी तिच्यापुढे धरल्या तेव्हा ती म्हणाली, "ताई, रोख नाही घेत आम्ही. हिशोबाला सोपं जातं म्हणून सगळं बँकेतून मागवतो. तुमच्या खात्यातून आमच्या ईमेलवर पाठवून द्या."

घरी येऊन मी त्या नोटा जावयांना दिल्या आणि म्हटलं, "तुमच्या खात्यातून तेवढे पाठवा." त्यांनी तिथल्या तिथे मोबाइलवरून पाठवले आणि नोटा माझ्या पर्समध्ये परत ठेवल्या. "आई, तुमचं आणि आमचं वेगळं आहे का?"

वेगळं नाही हे मलाही माहीत होतं. पण ते दान माझ्या नवऱ्याच्या नावाने होतं आणि ते माझ्या पेन्शनमधून जायला हवं होतं. मी तसं बोलले. त्यांनी हसून विषय बदलला. दुसऱ्या दिवशी मी नागपूरच्या बाईंना फोन करून ते पैसे जावयांना परत पाठवायला सांगितलं. म्हटलं, मी माझे पाठवते, थोडं थांबा.

लेकीला हे कळलं तेव्हा ती बाळाला पाजत होती. "आई, तू बँकेत खातं उघडणार? टुरिस्ट व्हिसावर?"

"विचारून बघायला काय जातंय?"

"आणि त्यांना काय वाटेल?"

त्यांना वाईट वाटेल, याचा अंदाज मला होता. लग्न होऊन मी बदलापुरात बेलवलीला आले तेव्हाची एक गोष्ट मला आठवत होती. तेव्हा पगार रोख मिळायचा. मी पाकीट आणून सासूबाईंच्या हातात द्यायची आणि बसभाड्यापुरते मागून घ्यायची. घरात सगळ्या सुनांची तीच पद्धत होती. एका पगाराच्या दिवशी मिस्टर माझ्या ऑफिसच्या गेटवर येऊन उभे राहिले आणि मला सरळ बँकेत घेऊन गेले. फॉर्म मी भरला. ते बाजूच्या बाकावर बसून होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "घरात किती द्यायचे ते तू ठरव." सासूबाई बरेच दिवस माझ्याशी तुटक वागल्या. मग हळूहळू बोलायला लागल्या.

पहिल्या बँकेत मी एकटीच गेले, बाबागाडी ढकलत. काउंटरवरच्या मुलाने पासपोर्ट चाळला, व्हिसा पाहिला आणि वर्क परमिट किंवा स्टडी परमिट आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने दोनदा सॉरी म्हटलं आणि बाळ गोड आहे असंही सांगितलं.

दुसऱ्या बँकेत एक पंजाबी मुलगी होती. माझं इंग्रजी ऐकून ती थोड्या वेळाने हिंदीवर आली. "आंटीजी, व्हिजिटर का खुल सकता है, मैं मॅनेजर से पूछती हूँ." ती आत जाऊन आली. पासपोर्ट चालेल म्हणाली. पॅन नंबर विचारला, बदलापूरचा पत्ता विचारला, लेकीचा पत्ता विचारला. खातं कशासाठी, या प्रश्नावर मी "दान" म्हटलं. तिने कीबोर्डवरचे हात थांबवले आणि विचार करून "घरखर्च आणि देणगी" असं काहीतरी लिहिलं. मग पासपोर्टवरची सही पाहून तिने मान वर केली. माझी सही मराठीत आहे. "ऐसे ही करनी पड़ेगी, सेम टू सेम," ती म्हणाली. म्हटलं, गेली चाळीस वर्षं तशीच करतेय.

पण ओळखीचा दुसरा पुरावा लागत होता. आधार तिथे चालेना. मग तिने एक मार्ग सांगितला: या बँकेत ज्याचं जुनं खातं आहे अशा माणसाने समोर येऊन, मी या बाईंना ओळखतो असं सांगितलं तरी चालेल.

त्या बँकेत खातं असलेला माझ्या ओळखीचा एकच माणूस होता.

संध्याकाळी जेवताना मी जावयांना सांगितलं. दोन्ही बँकांचं सांगितलं, काही लपवलं नाही. ते वरणभात कालवत राहिले. लेक माझ्याकडे बघेना. मग ते म्हणाले, "माझं काही चुकलं का आई?"

"नाही. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही चुकला असता तर मी तुमच्याशी भांडले असते, बँकेत कशाला गेले असते?"

त्यांना हसू आलं नाही. ताट उचलून ते आत गेले. मला वाटलं, राहू दे, आणखी दोन महिन्यांनी मी बदलापूरला असेन, कशाला घरात अढी पाडायची. झोपताना मी लेकीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "थांब जरा."

शनिवारी सकाळी जावई अंघोळ करून तयार झाले आणि मला म्हणाले, "आई, चला. बँक आज लवकर बंद होते." त्या पंजाबी मुलीने त्यांना विचारलं, तुम्ही यांना कसे ओळखता. ते म्हणाले, "माझ्या बायकोची आई आहे." मग विचारलेलं नसताना म्हणाले, "शी वर्क्ड हर होल लाइफ." मुलीने ते लिहिलं नाही, पण माझ्याकडे बघून मान हलवली.

खातं उघडलं. माझ्या नोटा आत गेल्या आणि माझ्या हातात एक कार्ड आलं. घरी आल्यावर जावयांनीच शेजारी बसून पैसे पाठवायला शिकवलं. पाठवताना एक प्रश्न घालायचा असतो आणि समोरच्याने त्याचं उत्तर दिलं की मगच पैसे मिळतात. मी प्रश्न घातला, माझं घर कुठे आहे? थोड्या वेळाने नागपूरच्या बाईंचा फोन आला. "ताई, मी बदलापूर टाकलं, घेत नाहीये." बेलवली टाका म्हटलं. तिला स्पेलिंग सांगण्यात पुढची पाच मिनिटं गेली.

भोजनदानाच्या दिवशी मी पहाटेपासून स्वयंपाक केला. भात, वरण, वांग्याची भाजी, खीर. लेकीने पोळ्या लाटल्या. भंतेंचं जेवण दुपारच्या आत व्हावं लागतं, त्यामुळे घाई होती. जावयांनी वाढण्याचं काम केलं. मिस्टरांचं नाव घेऊन दानाचं पुण्य त्यांना अर्पण करायचं पुण्यानुमोदन झालं तेव्हा मला रडू आलं नाही. खीर कमी पडेल की काय, हेच डोक्यात होतं. ती पुरली.

परतताना बाळ मागे झोपलं होतं. जावई गाडी चालवता चालवता म्हणाले, "माझी आई इथे आली होती तेव्हा सहा महिन्यांत तिने काहीच मागितलं नाही. मला वाटायचं तिला काही लागतच नाही."

मी म्हटलं, "विचारून बघा."

भारतात परतल्यावर रिटर्न भरायला मी कॅम्प तीनच्या माझ्या सीएकडे गेले. सिंधी आहे, ऑफिसात असल्यापासून माझं काम तोच करतो. सहज बोलता बोलता त्या खात्याचं सांगितलं तर त्याने पेन खाली ठेवलं. "आंटी, ये तो दिखाना पड़ेगा. विदेश का खाता है. एक रुपया हो तो भी दिखाओ, कुछ न हो तो भी." माझा नेहमीचा सोपा फॉर्म आता चालणार नव्हता, मोठा भरावा लागणार होता. बंद करून टाका, कशाला झंझट, असा त्याचा सल्ला होता. मी विचार केला आणि ठेवायचं ठरवलं. लेक तिकडेच राहणार, मी पुन्हा जाणार. भरू मोठा फॉर्म.

पुढच्या उन्हाळ्यात विहीणबाईंचं जाण्याचं ठरलं. निघण्याआधी त्यांनी मला अंबरनाथला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, तो म्हणतोय, आई तुझंही खातं उघडू. तुम्ही काय शिकवून आलात त्याला?" बोलण्यात राग नव्हता, पण पूर्ण कौतुकही नव्हतं. त्यांनी कधी नोकरी केली नव्हती. मुलगा दरमहा पाठवायचा त्यात त्यांचं भागायचं.

"मी करू काय त्या खात्याचं?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवायचं."

त्यांनी बडीशेपेची वाटी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, "नातीचे कान टोचायचे राहिलेत. सोन्याचे मणी मी घेईन. तिथल्या सोनाराकडे कार्ड चालतं का?"

चालतं, म्हटलं.